अर्ध्या तासाने, त्याच जागी

माझी कादंबरी चार प्रकाशकांनी परत केली. तिचं रूपच त्यांना पचेना. ती सोसायटीच्या सभांच्या इतिवृत्तांतून घडते. बारा फ्लॅट, बारा सभा, आणि दर सभेला एक सभासद कायमचा नाहीसा. मी स्वतः वाघोलीतल्या आमच्या बारा फ्लॅटच्या सोसायटीचा सचिव, त्यामुळे ती भाषा हाताला बसलेली. 'अमुक गैरहजर, रजा मंजूर' एवढ्या ओळीत मी माणूस संपवायचो. बाराव्या सभेत सचिवालाही.

"अहो, खरी इतिवृत्तं कोणी फुकट वाचत नाही," चौथे प्रकाशक म्हणाले. "ही विकत घेऊन वाचतील?"

मला तर फक्त वाचक हवे होते.

पाचवे प्रकाशक नारायण पेठेत एका खोलीत बसत. भर उन्हाळ्यात हस्तलिखित वाचता वाचता त्यांनी उठून पंखा बंद केला. "गार वाटतंय," म्हणाले. "छापतो."

माझ्या आनंदाला उधाण! शेजाऱ्यांना आठवडाभर आधी घरोघरी प्रती वाटल्या. प्रकाशन ठेवलं आमच्या पार्किंगमध्ये, जिथे सभा भरतात. निमंत्रणही नोटिशीच्या थाटात फलकावर लावलं: 'गणसंख्या पुरी न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल.'

"फ्लॅटचे नंबर खरेच ठेवलेत?" बायकोने विचारलं.

"त्याशिवाय खरं वाटत नाही."

"वाटेल हं. चांगलंच वाटेल."

त्या आठवड्यात मी लिफ्टमध्ये शिरलो की बोलणी थांबत. तिसऱ्या सभेत मी संपवलेल्या काकू तर मला पाहून जिन्याने गेल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी.

रविवारी अकरा वाजता खुर्च्या रिकाम्या. बटाटेवडे गार. प्रकाशकांनी घड्याळ पाहिलं. "थांबू अर्धा तास. नोटीस तुमचीच आहे."

साडेअकराला जिन्यावर पावलं वाजली. अकराही फ्लॅटमधून एकेक जण, एकदम, काखेत माझं पुस्तक. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी रजिस्टर उघडून माझ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं.

"सचिव दिसत नाहीत."

"अहो, हा काय मी!"

"गैरहजर," त्यांनी लिहिलं. "रजा मंजूर करावी का?"

माझ्या शेवटच्या पानावरचं वाक्य! हात वर होऊ लागले, कादंबरीतल्याच क्रमाने. काकूंचा तिसरा.

प्रकाशक माझ्या कानाशी लागले. "अहो, सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलंय!"

मी हात मोजत होतो. अकरा झाले. बारावा आमच्या फ्लॅटचा.

तो बायकोने वर केला.