नळी मागपर्यंत

खंडाळ्याचे बंगले वर्षाचे बरेच दिवस बंद असत. मालक यायचे असले की आदल्या दिवशी खोल्याखोल्यांतून निखाऱ्यांच्या शेगड्या फिरवायच्या, दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि गाद्यांतली, भिंतींतली ओल हाकलायची, अशी तिथली रीत. जैतुनबी त्यांतल्या एका बंगल्यात हे काम करतच म्हातारी झाली. हाताखालच्या बायांना ती एकच गोष्ट सारखी बजावायची : शेगडी असलेल्या खोलीत बसायचं न्हाई, थंडी वाजली तरी न्हाई. तिचा नवरा हमीद त्याच बंगल्याचा रखवालदार होता. एका हिवाळ्यात तो शेगडी आत घेऊन, दार लावून झोपला. सकाळी तिनं दार ढकललं तेव्हा त्याचे गाल उन्हातून खेळून आलेल्या पोरासारखे लाल होते आणि अंग गार पडलं होतं.

मागं राहिला मुलगा, युनूस. १९३८च्या पावसाळ्यात तो ऐन पंचविशीत होता आणि बंगल्याच्या धाकट्या सेठची मोटार चालवत होता. गाडी विलायती, तांबडी, दोघांपुरतीच, शर्यतीत पळतात तसल्या बुटक्या बांध्याची. वर कापडी टप. सेठ शनिवारी मुंबईहून आगगाडीनं येत. बाकीचे दिवस गाडी युनूसच्या ताब्यात असे. बंगल्याच्या मागं पत्र्याचं गॅरेज आणि त्याला लागून मायलेकाच्या दोन खोल्या.

त्या पावसाळ्यात युनूस कामावरून येई तो भिंत धरत. डोळे जड, बोलणं अडखळत. एकदा तर परसात जाऊन भडभडून ओकला. जैतुनबीला एकच शंका आली.

"कुटं बसला व्हतास?"

"बसतोय कुठला? कामशेतहून तांदूळ घेऊन आलो."

"तोंड इकडं कर. हा कर."

त्यानं निमूटपणे 'हा' केला. वास आला नाही.

"बडीशेप खाल्लीस?"

"अम्मा, डोकं फुटतंय. पाणी दे."

"तुजा बाप जल्मात कदी प्याला न्हाई," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या जरा आदळूनच ठेवला.

चार दिवस तिनं त्याच्याशी धड बोलणं टाकलं. मग एका दुपारी तो पुण्याहून आला आणि बूट न काढताच बाजेवर आडवा झाला. पावसानं अंधारलं होतं म्हणून तिनं दार उघडलं, आणि उजेड त्याच्या तोंडावर पडला. गाल लाल होते. ती जागच्या जागी थांबली. मग तिनं त्याच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि एवढ्या थोराड पोराला ओढत ओट्यावर, वाऱ्यात आणून टाकलं.

तो सावरल्यावर तिनं त्याला गाडी चालू करायला लावली आणि स्वतः चिखलात गुडघे टेकून खाली हात घातला. इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी गंजून चाळण झाली होती. गाडीच्या तळाच्या फळ्यांच्या फटींतून गरम झोत सरळ बैठकीत येत होता. उन्हाळ्यात टप उघडा, म्हणून कळलं नव्हतं. आता वर टप, बाजूंना पडदे. म्हणजे बंद खोलीच की.

"ही नळी बदलायचीच आहे," युनूस म्हणाला. "सेठनी सांगून ठेवलंय. मोठी बसव, आवाज घाटात घुमला पाहिजे. मीच करणार, इथंच. चांगली झाली तर मला मुंबईला कायमचा नेणार आहेत."

"कर की. तोंड कुटं काडणार?"

"दाराखाली. शर्यतीच्या गाड्यांना तसंच असतं."

"मागं काड."

"सेठना दाराखाली पाहिजे."

"मागं. दाराखालनं सोडलेला धूर पडद्याच्या आत शिरंल. शेगडी उंबऱ्यावर ठेवली तर खोलीत धूर येतो का न्हाई?"

तो काही बोलला नाही. पोरगा गप्प बसला म्हणजे ऐकलं, असं कुठल्या आईला वाटत नाही? जैतुनबीलाही तसंच वाटलं.

नळी मिळवून दिली महिपतीनं. तो लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर होता आणि हमीदचा जुना दोस्त. भंगाराच्या लिलावात निघालेली बॉयलरची नळी खांद्यावर टाकून तो आला आणि म्हणाला, "वहिनी, आता ही मोटार मेलगाडीच्या पुढं जाऊन शिट्टी मारील."

"शिट्टी नगं, भाऊजी. धूर मागं जाऊ द्या म्हंजी झालं."

नळी नुसती वाकवली तर चेपते, म्हणून आत वाळू ठासावी लागते, आणि ती कोरडीठाक हवी. ओली असली तर तापल्यावर नळीचं बूच उडून तोंडावर येतं. भर पावसात कोरडी वाळू कुठली? जैतुनबीनं कढईत घालून ती भाजून दिली. मग नळी निखाऱ्यात लाल केली आणि महिपती-युनूसनी दोन खुंटांमध्ये अडकवून ती दमादमानं वळवली. सांध्यांत घालायला तांबं लागत होतं. तिनं आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचं झाकण काढून दिलं.

"अगं, पाणी कशावर झाकशील?" युनूस म्हणाला.

"परातीनं. काप तू."

नळी बसली त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी घरात लोबान फिरवायचा असतो. जैतुनबी धुपाटणं घेऊन गाडीमागं बसली, नळीच्या तोंडाशी धरलं आणि युनूसला भात्यानं हवा मारायला लावली. लोबानचा धूर आत शिरला आणि मधल्या एका सांध्यातून बारीक रेघ बाहेर पडली.

"हितं," ती म्हणाली.

"जरासाच आहे."

"जरासाच बाहेर काड मग."

सांधा खोलला, तांबं पुन्हा तापवून मऊ केलं, पुन्हा आवळलं. धूर कुठूनच येईना झाला तेव्हा ती उठली.

शनिवारी पावसातच धाकटे सेठ आले. जैतुनबी शेगड्या आवरून परत येते तो काय, युनूस गाडीखाली उताणा शिरलेला आणि नळीचा मागचा लांब तुकडा ओट्यावर काढून ठेवलेला. दाराजवळचा सांधा त्यानं सुटेल असा केला होता. मागचा तुकडा काढला की तोंड दाराखाली. सेठनी गाडी चालू केली. आवाज पत्र्यावर आदळून घुमला आणि सेठ खूश झाले.

युनूसनं आईकडे पाहिलं नाही.

जैतुनबी गाडीजवळ गेली. डोक्यावरचा पदर घट्ट केला, दार उघडलं आणि सेठच्या शेजारी जाऊन बसली.

"जैतुनबी, हे काय?"

"खोपोलीपत्तुर जाऊन येऊ, सेठ. पडदे लावा, पाऊस आत येतोय."

"अहो, मी एका दोस्ताला आणायला निघालोय."

"ते बसतील मंग. आदी मी बसते. माजं पोरगं रोज बसणार ह्यात."

सेठ हसले. म्हातारीची हौस म्हणून त्यांनी गाडी सोडली. जाताना उताराला काही जाणवलं नाही. येताना चढाला गाडी गुरगुरत, सावकाश वर येऊ लागली आणि जैतुनबीच्या कानशिलांत घण बसायला लागले. तिनं पडद्याला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोर बघत राहिली. वरच्या वळणावर सेठनीच कपाळ चोळलं, बाजूला पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. म्हातारीची मान कलली होती. सेठनी स्वतःच्या हातांनी पडदे उपटले, टप मागं लोटला. बंगल्यावर आले तेव्हा दोघंही चिंब भिजले होते.

युनूसनं तिला उचलून ओट्यावर आणलं. ती ओकली, मग जरा वेळानं नीट श्वास घेऊ लागली.

"सेठ," युनूस म्हणाला, "मुंबईला नेऊ नका वाटल्यास. पण मी मागचा तुकडा परत लावून सांध्याला रिवेट ठोकणार. पुन्हा सुटायचा नाही."

सेठनी ओल्या केसांतून हात फिरवला. "आवाज कमी होईल का?"

"होईल थोडा."

"होऊ दे."

जैतुनबी आडवी होऊन ऐकत होती. गाडीखालून हातोड्याचे ठोके येत होते, आणि सेठ छत्री धरून युनूसच्या बाहेर राहिलेल्या पायांवरचा पाऊस अडवत होते. ठोके थांबल्यावर युनूस आला, तिच्या उशाशी बसला.

"अम्मा, पुन्हा असं करू नको."

"तू पुन्हा गुपचूप करू नको," ती डोळे न उघडता म्हणाली. "आणि लोबान आण. सांदा बगायचाय."