दाराआडचा प्रधान

मालिकेतला प्रधान तीन वर्षांपूर्वी हातात दिवा घेऊन डोंगराच्या दारातून आत गेला, तो गेलाच. जाताना राणीला म्हणाला होता, "दिवा विझायच्या आत परततो." पुढे मालिकेत दोन युद्धं झाली, एका राजकन्येचा पक्षी झाला, राजवाडा जळाला आणि पुढच्या भागात जसाच्या तसा उभा राहिला. प्रधानाचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

प्रधानाचं काम करणारा नट एवढे दिवस घरीच होता. "दाढी काढू नका, कधीही बोलावू," असं निर्मात्याने बजावलं होतं. दाढी छातीपर्यंत आली, बोलावणं आलं नाही. गुळगुळीत चेहऱ्याची चांगली कामं हातची गेली. बायको इस्पितळात जादा पाळ्या करून घर ओढत होती आणि त्याला एका शब्दाने बोलत नव्हती. हेच त्याला जास्त लागायचं. बोलायचं काम सासूबाईंनी घेतलं होतं.

"जावईबापू, त्या डोंगरात आहे तरी काय?"

"कळेल की."

"तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

दूधवाला, शिंपी, बायकोचे रुग्णसुद्धा हेच विचारत. खरं तर त्याला पक्कं ठाऊक होतं. डोंगरात एक स्टूल, एक बंद पंखा आणि प्लायवूडची उघडी पाठ होती.

अखेर मालिका गुंडाळायची ठरली आणि शेवटच्या दिवसाच्या चित्रीकरणाला त्याला बोलावणं आलं. बायको कामावर निघाली होती. चपला घालता घालता, वर न बघता ती म्हणाली, "आज बाहेर आला नाहीस, तर जन्मभर आतच राहशील."

सेटवर लेखक कपाळाला हात लावून बसला होता.

"प्रधान बाहेर आला, तर आत काय होतं ते सांगावं लागेल."

"मग सांगा की," दिग्दर्शक म्हणाला.

"ठाऊक असतं तर इतकी वर्षं आत ठेवला असता का त्याला?"

बराच खल झाला. शेवटी ठरलं, की दार किलकिलं होईल, दिव्याचा उजेड पडेल, राणी चमकून बघेल आणि मालिका संपेल. बाकीचं प्रेक्षक ठरवतील.

"आणि मी?" नटाने विचारलं.

"तुम्ही आतून दार ढकला, काका. फक्त दिसू नका."

दाराआड तेच स्टूल होतं, वर बोटभर धूळ. पलीकडच्या राजवाड्याचे खांब सुतारांनी उतरवायला घेतले होते. दाराची बिजागरी निखळत आली होती. दृश्य एकदाच घेता येणार होतं. दिवा पेटवून त्याच्या हातात दिला, तेव्हा तेल काठाशी हिंदकळलं. बाहेर ठोकाठोक थांबली. कुणीतरी खोकलं. मग तेही थांबलं.

"ॲक्शन."

त्याने दार थोडं ढकललं. उजेडाची पट्टी राणीच्या पायांपर्यंत गेली. इथेच थांबायचं होतं. फटीतून त्याला राणीचे पाय दिसत होते आणि मनात घोळत होत्या बायकोच्या चपला. त्याने दाराला खांदा लावला. बिजागरी किंचाळली आणि प्रधान बाहेर आला.

राणीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिची नजर त्याच्या हातातल्या दिव्यावर गेली. तो दिवा सावरत उभा होता; आता हाकलतील, की मग हाकलतील.

"विझला नाही?" ती हळूच म्हणाली.

"विझायच्या आत येतो म्हणालो होतो."

दिग्दर्शक कट म्हणायला विसरला. मग सगळ्यांनी लेखकाकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला, सावकाश पुसला.

"मी हेच लिहिणार होतो," तो म्हणाला.

शेवटचा भाग लागला, त्या संध्याकाळी बायकोने पाळी बदलून घेतली. नट तिच्या आणि सासूबाईंच्या मध्ये बसला होता, गुळगुळीत चेहऱ्याचा. प्रधान बाहेर आला, नावं सरकू लागली, तरी सासूबाई पडद्यावरून नजर काढेनात.

"जावईबापू, आत जाताना तुमच्या कमरेला तलवार होती. ती कुठे गेली?"

बायको हसली. कितीतरी दिवसांनी. त्याने सवयीने दाढी कुरवाळायला हात नेला, तर तिथे दाढी नव्हती.

"कळेल की," तो म्हणाला.