टेहळणीच्या विमानाला लिंबू-मिरची

आमच्या घरात टेहळणीचं विमान तयार होत होतं आणि त्याला दृष्ट लागू न देण्याची जबाबदारी, कुणी न सांगता, मी घेतली होती.

तेव्हा मी अवघी सहासष्ट वर्षांची, म्हणजे अंगात रग होती आणि अक्कल यायची होती! विमान माझ्या नातीचं, पूर्वाचं. परातीएवढं. वर चार पंखे, पोटाशी कॅमेरा. वजन कमी व्हावं म्हणून पोरगी स्क्रूचीसुद्धा शेपटं कापायची. (मला वाटायचं, बिचाऱ्याला उपाशी मारतेय.) साखर कारखान्याचे शेती अधिकारी चाचणी बघणार होते. पसंत पडलं तर उसावर नजर ठेवायला ते विमान घेणार; नाही तर पूर्वानं गुमान पुण्याला नोकरी धरायची, असं तिच्या बापानं बजावलं होतं.

चाचणी कागलजवळ, कारखान्याच्याच मळ्यात. पूर्वा साहेबांना चहा देत होती, विमान बांधावर एकटंच. आता कोल्हापुरात ट्रॅक्टर घ्या नाही तर सायकल, पूजेशिवाय चाक हलतं का? मी जोतिबाचा गुलाल खोबरेल तेलात कालवला (टिकायला नको?) आणि विमानाचं कपाळ शोधलं. सापडेना! मग जो एक डोळा दिसला, त्याच्यावरच बोट ओढलं. खाली लिंबू-मिरची बांधली. चांगलं टपोरं लिंबू!

पूर्वानं बटण दाबलं. विमान एका अंगावर कलत, लंगडत उसापल्याड गेलं. पूर्वाच्या हातातल्या पडद्यावर आम्ही बघतो तर सगळं लालभडक!

"पल्याडचा फड पेटला की!" साहेब ओरडले.

झालं! घागरी, बादल्या, फवारणीचे पंप, हाताला येईल ते घेऊन गडी पळाले. माझा लेक, म्हणजे पूर्वाचा बाप, तर चपला सोडून पळाला.

"आज्जी, धूर कसा दिसंना?" पूर्वानं विचारलं.

"लांब हाय गं," मी म्हणाले. मला तर धगसुद्धा लागायला लागली होती!

विमान माघारी डोक्यावर आलं आणि लिंबू-मिरचीचा दोरा पंख्यात गेला. वरून मिरचीचा ठेचा साहेबांच्या चहात आणि डोळ्यात पडला, मागोमाग लिंबू, शेवटी विमान. नशीब, पाचटाच्या ढिगावर!

पूर्वानं ते उचललं. कॅमेऱ्याकडं बघितलं, मग माझ्या लाल बोटाकडं.

"आज्जे! ह्ये काय केलंस?"

"पूजा."

"कॅमेऱ्याची?"

"मग काय बॅटरीची करू?"

तिनं माझ्या नव्या इरकलीच्या पदरानं कॅमेरा पुसला, पंखा बदलला आणि विमान पुन्हा सोडलं. आता चित्र लख्ख! गडी बादल्या घेऊन एकमेकांना "कुठं हाय, कुठं हाय?" विचारतायत, माझा लेक गुडघाभर चिखलात रुतलाय आणि एवढ्या गोंधळात कारखान्याचा राखणदार बांधावर तोंड उघडं टाकून झोपलाय.

साहेबांनी झोंबणारा डोळा चोळत पडद्यात नाक खुपसलं. "आणि ह्यो मला रोज सांगतो, डोळ्यात तेल घालून राखतोय!"

"मग, साहेब?" पूर्वानं विचारलं.

"घेतो की! दोन घेतो." साहेबांनी चहातली मिरची काढून टाकली, माझ्याकडं तिरकं बघितलं आणि आवाज खाली आणला. "फक्त एक सांग पोरी, आज्जी ह्याच्यासंगट येत न्हाईत न्हवं?"