घरात शब्द कुणाचा?

“घरात शब्द कुणाचा चालतो?”

ताईंचा पहिला प्रश्न हा. कुठलंही काम असो, कुठलीही अडचण असो. विचारताना त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि डोळे बारीक करून समोरच्याकडे बघायच्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस धड दिसत नसे, हे मला माहीत होतं. पण त्या माणसाला वाटायचं, बाई आपल्या पोटातलं सगळं वाचतायत, आणि तो भडाभडा बोलायला लागायचा.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलेलं त्यांना आवडायचं नाही. सिंगापूरला पाया लेबारमध्ये आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. आफ्रिकेतल्या काही देशांत कॅन्सर झालेल्या लहान मुलांवर उपचार व्हावेत म्हणून ही संस्था काम करते. देणगीदार बहुतेक इकडचे, म्हणून कारभार इथून. ताई त्या सगळ्या कामाच्या प्रमुख आणि मी औषधं तिकडच्या दवाखान्यांत वेळेवर पोचवणारा.

तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार. आम्ही जेवून सुस्तावलो की ताईंना तरतरी यायची. फोनवर त्या इतक्या मोठ्यानं बोलायच्या, की मी एकदा म्हटलं, “ताई, फोन ठेवा. खिडकी उघडलीत तरी युगांडात ऐकू जाईल.”

“तू आधी तुझी औषधांची पेटी बघ,” त्या म्हणाल्या. “विमानतळावर उन्हात शिजतेय.”

पेटी खरंच अडकली होती. त्यांच्याशी वाद घालण्यात हा एक धोका असे.

तो प्रश्न त्यांना कुठे सापडला, तेही त्यांनीच सांगितलं होतं. युगांडात कामाला सुरुवात केली तेव्हाची गोष्ट. एका मुलाच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी आईला नीट समजावलं, आईनं मान डोलावली. औषध सुरू झालं, गाठ लहान झाली, पोरगं हसायला लागलं आणि एके दिवशी मायलेकरं गायब. ताई गाडी काढून गावात गेल्या. तिथे कळलं, की आईला काही ठरवायचा अधिकारच नव्हता. मुलाचा मामा म्हणाला होता, बरा झालाय, आता कशाला त्या सुया? संपला विषय.

“आम्ही चुकीच्या माणसाला समजावत बसलो होतो बघ,” ताई म्हणाल्या. “आई ऐकून घेते. ठरवतं भलतंच कुणीतरी.”

तेव्हापासून त्यांनी नियम घालून दिला. मूल दाखल झालं, की आजाराबद्दल बोलण्याआधी हा प्रश्न विचारायचा. मग मामा असो, आजी असो, गावचा म्हातारा असो, ज्याचा शब्द चालतो त्याला गाडी पाठवून आणायचं. चहा पाजायचा. बऱ्या झालेल्या एखाद्या मुलाची आई त्याच्याशेजारी बसवायची. डॉक्टर सगळ्यांत शेवटी. आणि काहीही ठरायच्या आधी त्याला विचारायचं, ठरल्यावर कळवायचं नाही. उपचार अर्धवट सोडून जाणारी मुलं हळूहळू कमी झाली. तिकडच्या नर्सना तो प्रश्न आता पाठ आहे.

आमच्या ऑफिसातही त्यांनी तो चालवला. तिथला एसी असा, की आम्ही भर विषुववृत्तावर स्वेटर घालून बसायचो. साहेबांना ईमेल झाले, इमारतीच्या व्यवस्थापकांना झाले. ढिम्म. शेवटी ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चौकशी केली. एसीचा रिमोट निघाला रिसेप्शनवरच्या चिनी आँटीच्या खणात. “यू ऑल नेव्हर आस्क मी, लाह!” आँटी म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. आम्ही मुकाट्यानं स्वेटर घड्या करून पिशवीत भरले.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक बाई ताईंना म्हणाल्या, “किती अडाणी असतील हो ते लोक! पोर मरायला टेकलंय आणि दवाखान्यातून उचलून घरी नेतात?” ताईंनी मोदक संपवला, “छान झालेत हो” म्हणाल्या आणि उठल्या. परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मात्र त्या माझ्याशी बोलल्या. “अडाणी नसतात रे. घाबरलेले असतात.” मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही मनातून ते अडाणीच वाटायचे. तुम्हालाही वाटत असतील.

सिंगापुरातच हौगांगला आम्ही राहतो त्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायचं. नवरा जहाजावर इंजिनिअर. बायको विद्यापीठात संशोधन करायची, तेही पेशींवर. मुलगी इरा दीड वर्षाची, गालावर कायम काहीतरी चिकटलेलं. माझ्या बायकोला ती ‘काकू’ म्हणायच्या ऐवजी ‘का’ एवढंच म्हणायची आणि बायको त्यावरही विरघळायची.

एका रविवारी ताई आमच्याकडे जेवायला होत्या. इराची आई फोनवर तिचे फोटो दाखवत होती. ताई हसत हसत बघत होत्या आणि एका फोटोवर थांबल्या. फ्लॅशमध्ये एक डोळा लाल आला होता, दुसरा पांढरा, मांजरासारखा चमकणारा.

“असे अजून आहेत?” त्यांनी विचारलं.

होते. चांगले चार-पाच होते. आम्ही सगळ्यांनी ते बघितले होते, त्यावर हसलोही होतो.

त्याच आठवड्यात सिंगापुरातल्याच नोव्हेना भागातल्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डोळ्याच्या आत गाठ होती. डॉक्टर म्हणाले, डोळा काढावा लागेल, पण गाठ अजून डोळ्यातच आहे, मुलगी वाचेल. बाप जहाज सोडून आला. ताईंनी त्या दोघांना काही कमी पडू दिलं नाही. युगांडातल्या एका बाईला त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मुलीचा एक डोळा नकली होता, कुठला ते ओळखूही येत नव्हतं. मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. इराची आई रडता रडता हसली. दोघांनी संमतीच्या सह्या केल्या. ऑपरेशनची तारीख ठरली.

त्या दिवशी सकाळी ताई, मी आणि माझी बायको नोव्हेनाला तळमजल्यावर त्यांची वाट बघत होतो. ती तिघं आलीच नाहीत. नर्स दोनदा येऊन विचारून गेली. मग बायकोच्या फोनवर इराच्या आईचा मेसेज आला. “कराडला चाललोय. आक्कांना एकदा दाखवून येतो. प्लीज रागावू नका.”

मला ते दोनदा वाचावं लागलं. जगात लोक ज्या दवाखान्यात यायला धडपडतात, त्याच्या दारातून एक शास्त्रज्ञ बाई आणि एक इंजिनिअर आपली मुलगी उचलून घेऊन गेले होते.

“आक्का कोण?” ताईंनी विचारलं.

माझ्या बायकोला माहीत होतं. आक्का म्हणजे इराच्या बाबांची मोठी बहीण. आई लहानपणी गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, त्याच्यासाठी स्वतः लग्न केलं नाही. शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिला विचारल्याशिवाय त्या घरात पडदेसुद्धा बदलत नाहीत.

ताई खुर्चीत बसल्या. चष्मा त्यांनी काढून हातात धरला.

“मला हे कुणी बोललं नाही,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “मी विचारलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या कराडला गेल्या. आक्कांनी त्यांचं व्यवस्थित आगतस्वागत केलं, पोहे केले, आणि म्हणाल्या, “मुलीची जात आहे. एका डोळ्याची झाली, तर उद्या तिला कोण करून घेणार?” दीड वर्षाच्या मुलीबद्दल हे बोलणं चाललं होतं. कुणीतरी गृहस्थ डोळ्यात घालायला थेंब देत होते, त्यानं उतार पडतोय असं सगळे म्हणत होते. ताई रोज जाऊन त्यांच्या ओसरीवर बसायच्या. भांडल्या नाहीत. युगांडातल्या त्या बाईला पुन्हा फोन लावला. आक्कांनी दोरीवरच्या उड्या नीट बघितल्या आणि म्हणाल्या, “तिकडच्यांचं वेगळं असतं.” मुलीचा बाप दाराशी मान खाली घालून उभा होता, आई आतून बाहेर आलीच नाही. हे मला ताईंनी परत आल्यावर सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक होता, की मला खुर्ची पुढे ओढून ऐकावं लागलं.

काही महिन्यांनी ते आपणहून परत आले. तोवर इराचा डोळा बाहेर आला होता. लिफ्टमध्ये ती मला दिसली आणि मी तोंड फिरवलं. मला बघवलंच नाही. नोव्हेनाच्या डॉक्टरांनी जे होतं ते सगळं केलं, पण गाठ डोळ्यामागच्या शिरेतून मेंदूत पोचली होती. इरा गेली.

भेटायला गेलो तेव्हा आक्का तिथे होत्या. पांढरी साडी, ताठ पाठ, वर्गावर बसावं तशा खुर्चीत बसलेल्या. मी मनात काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो. आक्कांनी ताईंचा हात धरला आणि म्हणाल्या, “तुम्ही माझ्याकडे आधी आला असतात, तर मी ऐकलं असतं. सगळं ठरवून टाकलंत, तारीखही घेतलीत, आणि मग मला कळवलं.”

संतापानं माझं डोकं फिरलं. पोर गेली आणि या बाईला मानपान सुचतोय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “खरं आहे तुमचं.” आणि आक्का, ती ताठ पाठीची बाई, ताईंच्या खांद्यावर डोकं टेकवून हंबरडा फोडून रडल्या. शेजारचा चिनी म्हातारा दार उघडून बाहेर आला.

त्यानंतर ताईंनी युगांडात, कंपालाला बदली मागून घेतली. या वयात? मी विचारलं. सगळ्यांनीच विचारलं.

“तिकडे मी परकी असते,” त्या म्हणाल्या. “म्हणून विचारते. इथे मला सगळं माहीत असतं ना.”

ताई गेल्या आणि आमच्या दुपारी सुन्या झाल्या. आता आम्ही जेवतो आणि खुशाल पेंगतो.

मध्यंतरी तिकडच्या नव्या नर्सचं प्रशिक्षण होतं. ताई शिकवणार होत्या आणि औषधांबद्दल कुणी विचारलं तर सांगायला म्हणून मी इथून पडद्यावर हजर होतो. ताई वाळल्यात. केस पार पांढरे झालेत. नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजात, इंग्रजीत त्यांनी एका मुलीची गोष्ट सांगितली. देश सांगितला नाही, नाव सांगितलं नाही. दोन वाक्यांत मला कळलं, ही इराची गोष्ट.

एका नर्सनं विचारलं, “दवाखाना फार लांब होता का?”

“नाही. घरापासून बस होती.”

“आईवडील शिकलेले नव्हते?”

“खूप शिकलेले होते. आत्याही.”

वर्गात चुळबुळ झाली. मागच्या बाकावरची एक तरुण मुलगी उठून उभी राहिली. ती उद्धटपणे बोलली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. “मॅडम, घरात शब्द कुणाचा हे आधी विचारायचं, असं तुम्हीच आम्हाला शिकवता. मग त्यांना का नाही विचारलंत?”

ताईंनी चष्मा काढून हातात धरला.

“आपलीच माणसं होती ना गं,” त्या म्हणाल्या.

मराठीत म्हणाल्या. बोलता बोलता निघून गेलं असावं, त्यांच्याही लक्षात आलं नसावं. ती मुलगी उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली. तिथल्या कुणालाच ते कळलं नाही. ते कळलं फक्त मला, आणि मी तर समुद्रापलीकडे पाया लेबारच्या एका खोलीत बसलो होतो.