शादियाच्या रुखवतातला गीझर

कालव्याकाठची परतीची अर्धी वाट आम्ही चालून आलो होतो. गुरुवारची संध्याकाळ, गाड्या भरून जात होत्या, एकही थांबत नव्हती. दुखरा गुडघा ओढत इन्साफ एकदम म्हणाली, "त्या इंजिनियरला मी खोटं सांगितलं गं."

इजिप्तमधल्या मन्सूरात, आमच्या गल्लीत इन्साफचं गीझर दुरुस्तीचं दुकान. नवरा गेल्यावर तिनेच चालवलं. गेल्या वर्षी हौसेने स्वतःचे दोन गीझर बनवले. शिक्क्याशिवाय विकता येत नाहीत, म्हणून त्यातला एक आज सरकारी तपासणीला नेला. सोबतीला मी.

तिथे इंजिनियरने मीटर लावला आणि चटकन हात मागे घेतला.

"अर्थिंगची वायर कुठंय, हाज्जा?" त्याने आदराने विचारलं.

"कापली. आमच्याकडे सगळेच कापतात. भिंतीतल्या सॉकेटला भोकं दोनच, तिसऱ्या वायरीवर काय कपडे वाळत घालू?"

तो हसला नाही. "करंट बाहेरच्या पत्र्यात उतरतोय. असा दुसरा कुणाकडे लावलाय?"

"नाही," ती म्हणाली होती.

"लावलाय," आता कालव्याकडे बघत म्हणाली. "शादियाकडे."

मला आठवलं. इन्साफच्या या लेकीचं रुखवत गाडीवर रचून गल्लीगल्लीतून मिरवलं, तेव्हा फ्रीजच्याही वर लाल फीत बांधून तो गीझर बसवला होता. ढोलकीच्या वर आवाज चढवून इन्साफ ओरडत होती, "आईच्या हातचा आहे, बघा!"

आणि उद्या जुम्मा, म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरोघरी अंघोळी. शादियाचे दिवस भरत आलेले.

इन्साफने पुन्हा लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि शादियाच्या घराकडे पाय उचलला.

"सांगू या का, गीझर सरकारला दाखवायला हवाय म्हणून?" ती धापा टाकत म्हणाली.

"तिची सासू काय म्हणेल? अंघोळी उरकू द्या, मग न्या."

"खरं सांगितलं तर जन्मभर पोरीला टोचेल. 'तुझ्या आईने मरण दिलं रुखवतात' म्हणून."

कोपरा वळलो. शादियाच्या मोरीच्या खिडकीत दिवा होता, काचेवर वाफ.

इन्साफने भिंत धरली. गुडघा पुढे येईना.

"तू पळ," ती म्हणाली. "आधी मेन स्विच पाड. मग सासूला खरं सांग. म्हणावं, वायर आईनेच कापली. माझी वाट बघू नकोस."