बिनपाण्याची गाडी

गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं, असा मला माज होता, हे आधीच सांगून टाकतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. चांद्याजवळच्या मूल गावी सागवानाच्या एका डेपोत मी मुन्शी होतो. काम लाकडं मोजून घेण्याचं, पण जीव सगळा लॉरीत. ड्रायव्हरांच्या मागे लागून लॉरी चालवायला शिकलो आणि मग ड्रायव्हरांनाच शहाणपण शिकवू लागलो.

पौषात आमच्याकडे थंडी हाडात शिरते. त्या दिवसांत लॉरी निघायच्या आधी तिच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या जाळीवर, धानाचं रिकामं पोतं बांधायची रीत होती. गार वारा आत शिरत नाही आणि इंजिन लवकर तापतं. कोणी विसरला की मी डेपोच्या दारातूनच ओरडायचो, "पोतं कुठी आहे रे?"

त्या वर्षी मालकांनी एक गाडी घेतली. मालक चांद्याचे मुसलमान, लाकडाचे पिढीजात व्यापारी, बोलायला मऊ. कोळसा खाणीवरचा एक गोरा साहेब मायदेशी निघाला होता, त्याची ही ठेंगणी, दोनच माणसांची, शर्यतीत पळवतात तसली परदेशी गाडी. इंजिन मागे, आणि त्यात पाणी घालायची सोयच नाही. नुसत्या हवेवर थंड होतं म्हणे. डेपोत बघ्यांची गर्दी झाली. एक म्हातारा हमाल गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "पाणी नाई पेत तं गाडी कायची? भूत हाय हे." मी हसलो आणि सगळं समजल्यासारखा चेहरा करून उभा राहिलो. समजलं काहीच नव्हतं.

जानेवारीत बाबांच्या छातीत कफ दाटला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना धड श्वास घेता येईना. दवाखान्यातला कंपाउंडर येऊन बघून गेला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "न्यूमोनिया दिसून राह्यला मुन्शीजी. आत्ताच चांद्याले न्या. दुपार करू नका." लॉऱ्या सगळ्या जंगलात गेलेल्या, बस थेट दुपारनंतरची. मालक त्या दिवशी डेपोवर मुक्कामाला होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "ले जाओ मुन्शीजी. बस, पीछे की जाली पे सामान मत रखना."

रंगाला ओरखडे पडतील ही श्रीमंत माणसाची काळजी, असं मला वाटलं. माझ्या बापाचा श्वास अडकलाय आणि यांना रंगाचं पडलंय, असा रागही आला.

गाडीत जागा दोनच. माय मागे राहिली. तिने बाबांच्या सीटवर पोतं अंथरलं, त्यावर गोधडी घातली, बाबांना लहान मुलासारखं गुंडाळून बसवलं आणि दार लावलं. तिसऱ्या खटक्याला इंजिन सुरू झालं.

चांदा तीसेक मैल. सगळा रस्ता जंगलातला, त्यात धुकं असं की बैलगाडीच्या वेगाने जावं लागत होतं. बाबा थरथरत होते, दात वाजत होते. पायाजवळ एक भोक होतं, त्यातून इंजिनाची ऊब आत येई, पण ती अगदी बेताची. बाबांनी पाय तिकडे सरकवले. दोन दिवसांत धड शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "पायाले जरासं बरं वाटून राह्यलं, बाबू."

मला भरून आलं. मी गाडी थांबवली. इंजिन जास्त तापलं तर ऊब जास्त येईल, एवढं साधं गणित. बाबांना किंचित उचलून खालचं पोतं ओढून काढलं आणि मागच्या जाळीवर सुतळीने चारही कोपरे ताणून बांधलं. मालकांचे शब्द आठवले नाहीत असं नाही. पण पोतं म्हणजे काही सामान नव्हे.

पुढचे पाच-सहा मैल मी सुखात होतो. धुकंही विरळ झालं, गाडी पळू लागली. बाबांचं थरथरणं थांबलं. "आता मस्त गरम लागते," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. समोर एका तबकडीतला काटा चढत चालला होता. त्यावरची अक्षरं परकी. चढतोय तर चांगलंच असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग जळक्या तेलाचा वास आला, मागे काहीतरी खडखडलं, आणि चाकं घसटत गाडी जागच्या जागी उभी राहिली.

पोतं ओढून काढून मागचं झाकण उघडलं तेव्हा चेहऱ्यावर झळ आली. जाळीच्या अगदी खाली पंखा होता. इंजिन गार ठेवणारी हवा तिथूनच आत जात होती, आणि मी ती वाट चार गाठी मारून बंद केली होती. सगळं त्या क्षणी कळलं. कळून उपयोग काय होता?

बाबांना सोडून मदत आणायला जाता येत नव्हतं. त्यांना उचलून जवळच्या गावापर्यंत चार मैल चालणं माझ्याच्याने होणार नव्हतं. किल्ली फिरवली, ढकलून पाहिलं, गाडीला लाथ मारली, आयमायवरून शिव्या दिल्या. मग आत बसलो. लोखंड निवताना टिकटिक आवाज करत होतं. गाडी हळूहळू गार पडत गेली. मी बाबांचे पाय मांडीवर घेऊन चोळत राहिलो, तरी ते गार होतच गेले. "काऊन थांबलो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आता निघू." दर थोड्या वेळाने ते तेच विचारत आणि मी तेच सांगत होतो.

ऊन वर आल्यावर समोरून बांबू भरलेली एक बैलगाडी आली. गाडीवान गोंड होता. त्याने बाबांकडे एकदा पाहिलं, काही न विचारता सगळे बांबू रस्त्याकडेला उतरवले आणि बैल फिरवले. चांद्याला पोचायला दुपार टळली. डॉक्टर म्हणाले, "सकाळी का नाही आणलं?" मी म्हटलं, गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी उजाडता बाबा गेले.

चार दिवसांनी मालकांनी बोलावलं. लॉरीला बांधून गाडी ओढत डेपोत आणली होती. मिस्त्री म्हणाला, इंजिन जळून जाम झालंय. मालकांनी विचारलं, "जाली पे कुछ रखा था क्या?" मी म्हणालो, "नाही." जाळीत सुतळीचं एक टोक अडकलेलं होतं. मालकांनी ते माझ्यादेखत काढून टाकलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "मशीन ही खराब थी." त्यांनी मला चारचौघांत चोर ठरवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तेरवीची माणसं गेल्यावर माय माझ्याजवळ येऊन बसली. उशीर का झाला, गाडी कशी बंद पडली, यातलं तिने काहीच विचारलं नाही. लुगड्याच्या पदराशी चाळा करत म्हणाली, "रस्त्यात त्यायले थंडी तं नाई वाजली ना?"

"नाही माय," मी म्हटलं. "गरम लागते म्हणाले."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मंग बरं केलं तू, बाबू," ती म्हणाली.