लाइट गेली की पाढे

धामणकर नाक्यावर, पॉवरलूमच्या कारखान्याच्या डोक्यावर मानसोपचाराचं क्लिनिक थाटणाऱ्या बाईंनाच आधी तपासायला हवं, असं माझं मत होतं. मी मुलाच्या चाचण्यांसाठी जायचो. मला काहीच झालेलं नव्हतं. खालच्या खडखडाटामुळे पेशंट आत ओरडून बोलायचे, तरी बाहेर अक्षर कळायचं नाही.

एकदा लाइट गेली, लूम थांबले आणि आत बसलेल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या पेशंटचे हुंदके बाहेर ऐकू आले. बाई तरातरा बाहेर आल्या.

"बघताय काय? पाढे म्हणा, जोरात! चलो, बे एके बे!"

बाहेर नंबर लावून बसलेले आम्ही मोठाले घोडे बोंबललो.

महिन्याभराने बाईंनी मुलाला बाहेर बसवून मला आत घेतलं, आणि लाइट गेली. बाहेर अठराचा पाढा संपला, तरी माझं रडणं थांबेना. बाईंनी दार किलकिलं केलं.

"आता एकोणीसचा!"